वाढदिवस घरात, आई तव्यापाशी

या वेळच्या टपालात घरगुती वाढदिवसाबद्दलची नाशिककर वाचकांची पत्रं बरीच होती. पत्रं वेगवेगळी, दुखणं साधारण एकच: पाहुणे दारात आले तेव्हा घरातलं कुणी फुगे फुगवत होतं, कुणी केक आणायला गेलं होतं आणि जिच्या लेकराचा वाढदिवस ती गॅससमोर घामाघूम. म्हणून खालच्या उत्तरांत प्रत्येक कामाला आम्ही एकच कसोटी लावली आहे. पहिला पाहुणा यायच्या आधी हे काम संपतं का? संपत नसेल तर काम बदला, नाहीतर दुसऱ्याच्या हाती सोपवा.

प्रश्न: मुलीचा पाचवा वाढदिवस आहे. आमचा दोन बेडरूमचा फ्लॅट. वर्गातली मुलं आणि जवळचे मिळून पंचवीस जण असावेत असं मला वाटतं, सासूबाईंची यादी साठावर गेली आहे. वाद न घालता हे कसं सोडवायचं? (एक आई, इंदिरानगर)

यादी माणसांची नको, घरांची करा. ‘मामा’ असं लिहिलं की एक ओळ होते, येतात मात्र चौघं. प्रत्येक घरापुढे मोठे किती आणि मुलं किती हे दोन आकडे लिहून बेरीज मारा. पुष्कळदा यादी वाढवणाऱ्यालाच ती मग जड वाटू लागते.

तुमच्या पंचविसातही एक फसगत आहे. वर्गातली बारा मुलं म्हणजे बारा प्लेटा नव्हेत. पाच वर्षांच्या मुलाला कुणी दारात सोडून जात नाही. आई किंवा बाबा थांबतात, धाकटं भावंड कडेवर असतं. बारा मुलांमागे पंचवीस माणसं धरा, म्हणजे तुमचा आकडा मुलांतच संपला.

आता जागा मोजा. १० बाय १६ फुटांचा हॉल १६० चौरस फुटांचा. सोफा, टीव्हीचं युनिट, केकचं टेबल वजा केलं की शंभरेक उरतात. प्लेट हातात धरून उभं राहणाऱ्याला सहा-सात चौरस फूट लागतातच, म्हणजे हॉलमध्ये एका वेळी पंधरा जण, बाकीचे आतल्या खोल्यांत. यावर तोडगा आपल्याकडे जुनाच आहे: दोन पंगती. पहिली मुलांची, ५ ते ६.४५. दुसरी घरच्यांची, ७.३० ते ९.३०. मधल्या पाऊण तासात केर काढायचा, प्लेटा उचलायच्या, मुलीचा झगा बदलायचा आणि तिला अर्धा तास आडवं करायचं. केक मुलांसमोर कापा, औक्षण नातेवाइकांसमोर ठेवा. दोन्हीकडच्यांना आपापला मुख्य कार्यक्रम मिळतो आणि पोरगी रडवेली होत नाही.

मुलांच्या आमंत्रणात संपायची वेळही लिहा. काहींना ते तुटक वाटतं, पण सोबत आलेल्या पालकांना तेच हवं असतं. थोरामोठ्यांना मात्र नुसतं व्हॉट्सॲपवर कार्ड टाकून भागत नाही, तिथे फोनच हवा. सासूबाईंच्या यादीतले फोन सासूबाईंनाच करू द्या. साठ फोन म्हटल्यावर यादी कशी आपोआप आटोपशीर होते ते पाहा. नाशिकरोड-सिन्नरकडून येणाऱ्यांना संध्याकाळच्या द्वारका चौकातल्या गर्दीचा हिशेब धरून अर्धा तास आधीची वेळ सांगितलेली बरी.

तारीख बोलून दाखवण्याआधी भिंतीवरचं कॅलेंडर बघा. संकष्टी असली तर निम्म्या आज्या-मावश्या चंद्रोदयाशिवाय, म्हणजे रात्री साडेआठ-नऊच्या आधी, घास तोंडात घालणार नाहीत. एकादशी असेल तर साबुदाणा वेगळा करावा लागतो. सोमवार, गुरुवार, शनिवार पाळणारी घरं अंड्याचा केक चाखतही नाहीत.

प्रश्न: मागच्या वर्षी घरी ३० जणांसाठी पावभाजी केली. भाजी खाली लागली, पाव कमी पडले आणि मी दोन तास तव्यासमोरून हलले नाही. या वर्षी बाहेरून मागवावं का? (एक गृहिणी, सिडको)

मागवलं तर हरकत नाही, पण घरची पावभाजी फसते कशी हे आधी बघू. प्रमाण तर चुकतंच, पण खरा घोटाळा पावांचा असतो.

आधी प्रमाण. २० मोठे आणि १० मुलं, जेवण म्हणून फक्त पावभाजी, असं धरलं तर: बटाटे ३ किलो, निवडलेला फ्लॉवर दीड किलो, सोललेले मटार १ किलो (शेंगा घेत असाल तर दोन किलोंच्या वर), टोमॅटो २ किलो, ढोबळी मिरची पाऊण किलो, भाजीत घालायला कांदा १ किलो आणि वरून घ्यायला आणखी १ किलो. आलं-लसणाची पेस्ट १५० ग्रॅम, पावभाजी मसाला १२५ ते १५० ग्रॅम, काश्मिरी तिखट ४० ग्रॅम, भाजीत लोणी अर्धा किलो, लिंबं १५, कोथिंबिरीच्या दोन भरल्या जुड्या. रंगासाठी एक बीट किसून घाला, खाण्याचा रंग नको. मीठ आधी ६० ग्रॅमच घाला आणि चव बघून वाढवा, कारण लोणी आणि मसाला दोन्ही खारट असतात. सोबत पुलाव करणार असाल तर भाजी पाव हिश्शाने कमी करा आणि तांदूळ दीड किलो घ्या.

जैन पाहुणे असतील तर त्यांची भाजी छोट्या पातेल्यात आधी करून बाजूला काढा. बटाट्याऐवजी कच्ची केळी, कांदा-लसूण-आलं नाही, आणि बीटही नाही. बीट कंद आहे हे पुष्कळांच्या लक्षात राहत नाही. कलथाही वेगळा ठेवा.

पाव मोठ्यांना साडेतीन, मुलांना दोन असे धरले की ९० होतात. ८ डझन सांगा. लादीत पाव किती हे बेकरीगणिक बदलतं, त्यामुळे ‘दहा लाद्या’ असं न सांगता नग सांगा. सकाळचे पाव संध्याकाळपर्यंत कोरडे पडतात, ते दुपारी चारनंतर आणा.

भाजी खाली लागते ती शिजताना नाही, गरम करताना. बटाट्यातला पिष्टांश भाजी निवली की घट्ट होतो, आणि आपण घाईत गॅस मोठा करतो. वरचा थर गार, खालचा जळतो. गरम करायच्या आधी दीड लिटर कढत पाणी तयार ठेवा, त्यातलं हळूहळू घालत भाजी सैल करा, पातेल्याखाली जुना लोखंडी तवा ठेवा आणि गॅस मंद. सपाट टोकाच्या कलथ्याने तळ खरवडत राहा. डाव तळाला नीट लागत नाही. तरीही करपल्याचा वास आलाच तर ढवळू नका! वरची भाजी अलगद दुसऱ्या पातेल्यात काढून घ्या. एकदा तळ ढवळला की दहा किलो भाजीला तो वास धरतो आणि लोण्याने झाकत नाही.

भाजी आदल्या रात्री करून ठेवायचा मोह आवरा. मोठ्या पातेल्यातली भाजी आतून कित्येक तास कोमट राहते, आणि एप्रिल-मेमध्ये तेवढ्यात ती आंबते. आदल्या दिवशी कांदा-टोमॅटो-मसाल्याचा रस्सा परतून, पसरट डब्यांत घालून फ्रीजमध्ये ठेवा. सकाळी भाज्या उकडा. पाच लिटरच्या कुकरमध्ये दोन तृतीयांशाहून जास्त भरायचं नसल्यामुळे दोन-तीन घाणे होतील, ती वेळ धरा. दुपारी तीनला भाजी तयार असली पाहिजे.

आता पाव. घरच्या तव्यावर एका वेळी चार पाव बसतात. ९६ पावांचे २४ घाणे. एका घाण्याला दोन मिनिटं म्हटलं तरी ४८ मिनिटं, तीही हात न थांबता, आणि लोक एकदम येत नसल्यामुळे ती ताणून दोन तास होतात. तुम्ही तव्यासमोरून हलला नाहीत याचं कारण हे आहे. याला उपाय तीन. मंडपवाल्याकडून मोठा तवा आणि शेगडी भाड्याने घेऊन पाव भाजायला एक माणूस सांगणं. किंवा पाव चिरून लोणी लावून तयार ठेवणं आणि ओव्हनमध्ये ट्रेने गरम करणं (पावांना अर्धा किलो लोणी वेगळं लागतं). किंवा सरळ पदार्थ बदलणं.

नाशिकमध्ये राहून पदार्थ बदलायचा तर मिसळ समोरच आहे. तिला शेवटच्या क्षणाचं काम नाही. पाव भाजायचा नाही, उसळ आणि कट गॅसवर मंद उकळत राहतात, बाकी सगळं टेबलावर मांडलेलं आणि ज्याचं त्याने वाढून घ्यायचं. ३० जणांना कोरडी मटकी दीड किलो, मोड आल्यावर ती दुपटीला जाते. भिजवायला आठ-दहा तास आणि मोडांना एक दिवस धरा, पण डिसेंबर-जानेवारीच्या नाशिकच्या थंडीत दीड दिवसही लागतो. फडक्यात बांधून बंद ओव्हनमध्ये किंवा डब्याच्या उबेत ठेवा. फरसाण दीड किलो, दही २ किलो, कट ६ लिटर, पाव सात डझन, भाजलेले पापड ३०. तिखट तर्री वेगळ्या भांड्यात ठेवली की मुलं दही-उसळ खातात आणि काका लोक हवं तेवढं लालभडक करून घेतात. फरसाणाचं पाकीट मात्र वाढायच्या वेळीच फोडा, पावसाळ्यात तर नक्कीच.

पाण्याचा २० लिटरचा जार ३० जणांना पुरतो. उन्हाळ्यात दोन ठेवा.

प्रश्न: केक किती किलोचा सांगावा? मागच्या खेपेला घरी आणेपर्यंत एका बाजूचं क्रीम खोक्याला चिकटलं होतं. (एक बाबा, गंगापूर रोड)

जेवण असेल तर माणशी ७० ते ८० ग्रॅम पुरे. एका किलोत १२ ते १४ तुकडे, तीस जणांत सव्वादोन ते अडीच किलो. वाढदिवसाचे फोटो मोठ्या केकने चांगले येतात हे खरं, पण उरलेला किलोभर केक पुढचे चार दिवस तुम्हीच खाता.

साध्या केकला दोन दिवस आधी सांगितलं तरी चालतं. फोटो किंवा फाँडंटच्या आकृत्या हव्या असतील तर आठवडा द्या. नाव देवनागरीत हवं असेल तर टाइप करून पाठवा, फोनवर सांगू नका. ‘ऋ’ आणि ‘ज्ञ’ असलेल्या मुलांच्या आईबापांना हे समजावून सांगायची गरज नसावी. अंड्याचा की बिनअंड्याचा हे तोंडी न ठेवता मेसेजमध्ये ठेवा. आणि ऑर्डर देण्याआधी फ्रीजचा एक कप्पा मोजा. एक किलोच्या केकचा खोका साधारण दहा इंची असतो, उंच केक असेल तर मधली जाळी काढावी लागते. हे संध्याकाळी पाच वाजता कळलं तर दूध, दही, कणीक सगळं ओट्यावर येतं.

क्रीम खोक्याला लागलं, कारण खोका तिरका झाला. गाडीची सीट मागे उतरती असते, म्हणून खोका सीटवर ठेवू नका, मांडीवरही नको. पायाशी, सपाट जागेवर, खाली ओलसर नॅपकिन घालून ठेवा म्हणजे घसरत नाही. स्कूटरवर हुकला पिशवी अडकवली तर प्रत्येक गतिरोधकाला केक झोका घेतो. तो पायांमधल्या सपाट जागेवर, आणि मागे बसणारा असला तर उत्तम. उन्हाळ्यात दुपारी एकला आणू नका. कापायच्या १५-२० मिनिटं आधी फ्रीजबाहेर काढा, पंख्याच्या थेट वाऱ्यात न ठेवता.

कापण्याचं काम वाढदिवसाच्या मुलाकडून एकाच घावात संपवा. फोटो झाला की केक आत न्या. लांब सुरी कढत पाण्यात बुडवून पुसायची आणि गोल केकला त्रिकोणी तुकडे न करता समांतर पट्टे पाडून त्यांचे चौकोन करायचे. तुकडे सारखे पडतात आणि ‘मला फूल हवं’ हे भांडण टेबलापर्यंत पोचत नाही.

प्रश्न: नातवाचा पहिला वाढदिवस. औक्षण आधी की केक आधी? सून म्हणते मेणबत्ती हवी, मला दिवा विझवणं रुचत नाही. (एक आजी, पंचवटी)

औक्षण आधी, तेही बाळाची झोप झाल्यावर. एका वर्षाच्या बाळाला संध्याकाळी सातची गर्दी सोसत नाही. सकाळी दहा-साडेदहा किंवा दुपारची झोप काढून उठल्यावर चारची वेळ धरा, आणि कार्यक्रम तासाभरात आटपा.

पाट, पाटाभोवती रांगोळी, बाळ आईच्या मांडीवर पूर्वेकडे तोंड करून. तबकात हळद-कुंकू, अक्षता, सुपारी, सोन्याची अंगठी, निरांजन आणि गोडासाठी साखर. पंखा बंद करायला विसरतात, मग निरांजन तीनदा लावावं लागतं. निरांजन बाळाच्या हातापासून दूर ठेवूनच ओवाळा, या वयात उजेड दिसला की हात तिकडेच जातो. सुपारी आणि अक्षता ओवाळून झाल्या की लगेच उचला, सुपारी आधी तोंडात जाते.

मेणबत्तीचा वाद मांडायचीच गरज नाही. केकवर ‘१’ हा आकडा नुसता खोचा, पेटवू नका. सुनेला फोटो मिळतो, तुमचा दिवा तेवत राहतो.

जावळ त्याच दिवशी ठेवू नका. दोन्ही कार्यक्रमांत बाळच मध्यभागी, आणि ते एकदाच हसणार असतं. बाळासाठी मऊ खिचडी वेगळी ठेवा. मध वर्ष पूर्ण होण्याआधी देऊच नये, त्यामुळे तिथीने वाढदिवस तारखेआधी येत असेल तर चाटवायलाही नको. द्राक्षांचा हंगाम असेल तर टेबलावर घड येणारच. ती पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खी देऊ नका. उभी चिरून चार फोडी करा. आडवी चिरली तर गोल चकती घशात तशीच बसू शकते. शेंगदाणे, पॉपकॉर्न, फुटलेल्या फुग्याचे तुकडे यांनाही हाच धोका. फुगा फुटला की तुकडा उचलायचं काम आधीच कुणाला तरी नेमून द्या.

प्रश्न: सजावट घरीच करायची आहे. फुग्यांची कमान, थर्माकोलचं नाव, स्नो स्प्रे वगैरे. काय घ्यावं, काय नको? (दोन बहिणी, सातपूर)

थर्माकोल नको. सजावटीचा थर्माकोल, फुग्यांच्या प्लॅस्टिकच्या काड्या, प्लॅस्टिकचे चमचे, ग्लास, प्लेटा आणि स्ट्रॉ यांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. दुकानात मिळतं म्हणून चालतं असं नाही. नाव जाड पुठ्ठ्यावर कापा, कागदी झालरी वापरा. प्लेटांना पोफळीच्या पानाच्या ताटल्या किंवा भाड्याची स्टीलची ताटं. सामान मेन रोड-रविवार कारंजा भागात एका फेरीत मिळतं, फक्त रविवारी संध्याकाळी तिकडे चारचाकी नेऊ नका.

आठ-दहा फुटांच्या कमानीला पाच आणि दहा इंचांचे मिळून शंभर-सव्वाशे फुगे लागतात, दहा टक्के फुटतील म्हणून जास्तीचे घ्या. तोंडाने फुगवायची पैज लावू नका, साध्या हातपंपानेही गालांचे हाल वाचतात. पूर्ण ताणून न फुगवता थोडे सैल ठेवा. उन्हात हवा प्रसरण पावते आणि ताणलेला फुगा आधी फुटतो. भिंतीला साधी चिकटपट्टी लावली की निघताना रंगाचा पोपडा घेऊन येते. रंगाऱ्याची कागदी पट्टी वापरा. हे सगळं आदल्या रात्री जेवणानंतर करा. फुगे एका रात्रीत थोडे निस्तेज होतात, पण पाहुण्यांच्या लक्षातही येत नाही.

स्नो स्प्रेबद्दल मात्र स्पष्ट सांगतो: पेटत्या मेणबत्तीच्या जवळपास तो नकोच. डब्यातला फेस बाहेर ढकलणारा वायू बहुधा ब्युटेन-प्रोपेनसारखा, म्हणजे स्वयंपाकाच्या गॅसचाच भाऊबंद असतो. केकवर वाकलेल्या मुलाच्या केसांवर फेस आणि समोर ज्योत, एवढ्यावर भडका उडतो. तेच हायड्रोजनच्या फुग्यांचं. रस्त्यावर सिलिंडरमधून भरून देतात ते वर उडणारे फुगे अनेकदा हायड्रोजनचे असतात. वर जाणारे हवेच असतील तर हेलियमचेच आहेत याची खात्री करून घ्या, नाहीतर साधे फुगे दोऱ्याने छताला टांगा. दिसायला तेवढेच छान दिसतात.

प्रश्न: वडिलांची पंचाहत्तरी. ७५ दिव्यांनी ओवाळायचं आहे, हॉल घ्यायचा आहे, पाहुणे दीडशे. हॉलवाल्याला काय विचारावं? (एक मुलगा, नाशिकरोड)

भाडं सगळेच विचारतात. त्याशिवाय हे विचारा: हॉल किती वाजता ताब्यात मिळतो आणि किती वाजता सोडायचा; वीजबिल आणि साफसफाई भाड्यात आहे का; लाइट गेली तर जनरेटर पंखे चालवतो की नुसते दिवे; बाहेरचा आचारी चालतो का; अनामत कधी परत मिळते. जेवण हॉलवाल्याचं असेल तर ताटं कशी मोजतात ते लिहून घ्या. दीडशे सांगून एकशेदहा आले तर पैसे किती ताटांचे? बहुतेक ठिकाणी किमान ताटांची हमी असते, म्हणून हमी एकशेवीसची द्या आणि वरची तीस ‘लागली तर’ अशी ठरवा. मोजणीला तुमच्या बाजूचा एक माणूस उभा करा. लिफ्ट आहे का आणि संडास कमोडचा आहे का, हे पंचाहत्तरीत जेवणाच्या यादीइतकंच महत्त्वाचं, कारण वडिलांचे मित्रही त्याच वयाचे. सकाळी अकराची वेळ धरा. औक्षण, दोन-तीन भाषणं, साडेबाराला पानं. मधुमेह असलेल्यांना जेवण लांबलेलं चालत नाही, आणि भाषणं लांबतातच.

दिवे. एकाच परातीत ७५ दिवे सुंदर दिसतात, पण ती परात उचलून कुणी ओवाळू शकत नाही. २५-२५ च्या तीन परातींत मांडा. फुलवाती आदल्या दिवशी पातळ तुपात बुडवून, ताटलीत मांडून फ्रीजमध्ये थिजवा. नेताना सांडत नाहीत आणि लावताना वात शोधावी लागत नाही. पणत्या वापरणार असाल तर परातीत पातळ थर ओल्या वाळूचा किंवा तांदळाचा घाला म्हणजे सरकत नाहीत. लावायला तीन जणी, प्रत्येकीच्या हातात लांब उदबत्ती, आणि लावायची सुरुवात परातीच्या मधून बाहेरच्या कडेकडे. उलट केलं तर मधल्या वातीपर्यंत पोचताना मनगट भाजतं. पदर आधीच पिनेने खोचलेला. २५ ज्योतींनी पितळेची परात दोन-तीन मिनिटांत चटका देण्याइतकी तापते, म्हणून दोन्ही बाजूंना घडी घातलेलं सुती कापड धरा. पंखे, एसी आणि फोटोग्राफरचा पेडेस्टल पंखा, तिन्ही बंद करणारा माणूस ठरवून ठेवा. ओवाळताना वडिलांपासून हातभर अंतर राहू द्या. उष्णतेने ते मागे सरकतात आणि फोटोत सगळे घाबरलेले दिसतात.

प्रश्न: जुलैत गच्चीवर करावा का? (एक वाचक, पाथर्डी फाटा)

नको. ताडपत्रीत पाणी साठून फुगवटा येतो, कुणीतरी बांबूने तो वर ढकलतं आणि सगळं पाणी जेवणाच्या टेबलावर ओतलं जातं. ओल्या गच्चीवरच्या वायरी हा वेगळाच विषय. सोसायटीचा हॉल असेल तर सचिवांना आठवडाभर आधी लेखी कळवून तो घ्या. गच्ची ठेवायचीच तर फेब्रुवारी-मार्च उत्तम. डिसेंबर-जानेवारीत सूर्य मावळला की नाशिकच्या गच्चीवर केक सोडून कुणालाच गारवा नको असतो, तेव्हा चारला सुरू करून साडेसहाला आवरा. उघड्यावर स्पीकर रात्री दहानंतर चालत नाही, हा २००० सालापासूनचा नियम आहे.

प्रश्न: खेळ कोणते घ्यावेत आणि रिटर्न गिफ्ट काय द्यावं? (एक मावशी, म्हसरूळ)

सहा ते आठ वर्षांच्या मुलांना चार खेळ पुरतात, प्रत्येकी दहा-बारा मिनिटं. पळापळीचा खेळ आधी, बसून खेळायचा नंतर, केक त्याच्यानंतर. केक आधी कापला तर साखर खाऊन पळालेलं पोर हमखास उलटी करतं. संगीतखुर्चीत बाद झालेली मुलं रिकामी होतात आणि तिथून दंगा सुरू होतो, म्हणून बाद झालेल्याला गाणं थांबवायचं बटण द्या. पार्सलच्या खेळात कागदाच्या प्रत्येक थरात एक लिमलेटची गोळी ठेवली की कुणी रुसत नाही (फार लहान भावंडं असतील तर गोळीऐवजी स्टिकर). खेळ घ्यायला कॉलेजात जाणारा भाचा किंवा भाची धरा. आईबाबांनी घेतले तर वाढदिवसाचं मूल त्यांच्याशीच हट्ट करतं.

रिटर्न गिफ्ट सगळ्यांना एकच, एकाच रंगाचं. दोन रंग आणले की दारात भांडण ठरलेलं. कुंडीतलं तुळशीचं रोप, गोष्टीचं पातळ पुस्तक, खडूची पेटी, काहीही चालेल. भावंडांसाठी चार-पाच जास्तीची घ्या आणि पिशव्या चपलांच्या रॅकशेजारी ठेवा. निघताना तिथे थांबावंच लागतं, त्यामुळे कुणाला द्यायचं राहून जात नाही.